तो गेला, ती गेली, जहाज गेलं

ॲन लेकी या अमेरिकन लेखिकेची ‘अँसिलरी जस्टिस’ आमच्या पुण्यातल्या वाचनगटानं पावसाळ्यात वाचायला घेतली. पहिल्या बैठकीपर्यंत नऊपैकी चौघांनी ती अर्ध्यात सोडली होती. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: बाई कोण, पुरुष कोण, तेच कळत नाही.

गाऱ्हाणं खरं आहे. कादंबरीतल्या रादच साम्राज्याच्या भाषेत स्त्री-पुरुष हा भेदच नाही. म्हणून लेकी सगळ्यांनाच इंग्रजीतलं ‘शी’ लावतात. बर्फात पडलेला सेइव्हार्डन पुरुष आहे हे सुरुवातीलाच कळतं, तरी शेवटपर्यंत तोही ‘शी’च. आणि हे सांगणारी ब्रेक म्हणजे एके काळचं दोन हजार वर्षांचं युद्धयान. जिंकलेल्या लोकांची शरीरं त्या यानाच्या मेंदूला जोडलेली असत. आता त्यातलं एकच शरीर उरलंय.

‘स्पेस ऑपेरा’ हा शब्द १९४१ साली विल्सन टकर यांनी हिणवण्यासाठी वापरला होता. ताऱ्याताऱ्यांवर पसरलेली साम्राज्यं, आरमारं, कारस्थानं अशा घिस्यापिट्या गोष्टींसाठी. २०१३ साली आलेल्या लेकींच्या या पहिल्याच कादंबरीत हे सगळं आहे, आणि तरीही ह्यूगो, नेब्युला व आर्थर सी. क्लार्क हे तिन्ही पुरस्कार मिळवणारी ती पहिली कादंबरी ठरली. आमच्याकडे मात्र आरमारावर कोणी फारसं बोललं नाही. रादचमध्ये उघडे हात दाखवणं असभ्य, म्हणून सगळे हातमोजे घालतात आणि चहावाचून त्यांचं पान हलत नाही, यावर थोडा वेळ गेला. मग गाडी पुन्हा त्या ‘शी’वर आली.

उर्सुला ल ग्विन यांनी १९६९ च्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये कायमचं लिंग नसलेल्या माणसांना इंग्रजीतलं पुल्लिंगी ‘ही’ लावलं होतं. त्यावर टीका झाली, आणि पुढे त्यांनी स्वतःही त्याचा फेरविचार केला. पण इंग्रजीत प्रश्न सर्वनामापाशी संपतो. आपल्याकडे तो क्रियापदात उतरतो. इंग्रजीतला ‘आय’ कोणाचाही असू शकतो. मराठीत ‘मी’ उठला की ‘गेलो’ किंवा ‘गेले’ म्हणावंच लागतं. म्हणजे ब्रेकनं तोंड उघडायच्या आत अनुवादकाला निवड करणं भाग आहे. गटातल्या एका निवृत्त शिक्षकांनी तिसरी वाट सुचवली: जहाज नपुंसकलिंगी, तर तिनं ‘मी गेलं’ म्हणावं. आपण तान्ह्या बाळाबद्दल बोलतो तसं. मला ते पटलं नाही. दोन हजार वर्षं युद्धं पाहिलेल्या आवाजात बाळबोलीचा गोडवा नको.

तेवढ्यात कोल्हापूरच्या मावशी म्हणाल्या, “आमच्याकडं पोरी ‘मी येतो’, ‘मी जातो’च म्हणतात. मी लग्न करून इकडं आलो तेव्हा सासूबाई रोज सुधारायच्या.” त्या ‘आलो’वर सगळे थबकलो. मावशींना आम्ही चार वर्षं ऐकतोय, आणि त्या ‘आलो’त पुरुष कधी कोणाला दिसला नव्हता. अर्ध्यात सोडलेल्या चौघांपैकी दोघांनी त्याच संध्याकाळी पुस्तक परत मागून नेलं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकानं एकेक उतारा मराठीत करून आणायचं ठरलं. माझ्या वाट्याला लेफ्टनंट ऑनच्या मृत्यूचा प्रसंग आला. साम्राज्याची सर्वाधीश अनांदर मियानाई आज्ञा करते, आणि ऑनवर जीव असलेलं यान आपल्याच एका शरीराच्या हातून तिला ठार मारतं. पुढच्याच क्षणी ते बंदूक आज्ञा देणाऱ्यावर रोखतं. इथं व्याकरण स्वतःहून मदतीला आलं. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माच्या मागे जातं: मी आज्ञा ऐकली. मी बंदूक उचलली. मी गोळी झाडली. ‘ऐकली’ आज्ञेची, ‘उचलली’ बंदुकीची, ‘झाडली’ गोळीची. मारणारा कोण, मारणारी कोण, वाक्यात कुठेच नाही.

हे वाचून दाखवताना माझा आवाज दोनदा अडकला. त्यानंतरच्या ओळीत यान फक्त उभं राहतं, आणि ‘राहणे’ अकर्मक आहे. माझ्या वहीत तिथं ‘राहिले’ खोडलंय, ‘राहिलं’ खोडलंय. मावशींनी वही ओढून घेतली आणि पेन्सिलीनं वर लिहिलं: राहिलो.