घाटातलं अधिक-उणे

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरत होतो. गाडी ऑटोमॅटिक, दांडा ‘डी’वर, पाय सतत ब्रेकवर. अर्ध्या घाटात जळकट वास येऊ लागला. गाडी कडेला घेतली, पुढच्या चाकाजवळ हात नेला तर भट्टीसारखी झळ आली. मागून येणारा जीपवाला थांबला. ‘‘दादा, नुसत्या ब्रेकवर उतरवताय होय? मॅन्युअलला घ्या, दोन नंबर टाका.’’ तोवर दांड्याशेजारच्या त्या अधिक-उणे खुणांना मी कधी हात लावला नव्हता.

ही झळ येते कुठून? या घाटात गाडी हजार मीटरहून जास्त खाली येते. माणसांसह १२०० किलोची गाडी हजार मीटर उतरली, की सुमारे पावणेबारा मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पस्तीस लिटर पाणी उकळीला आणायला साधारण तेवढीच लागते! ही सगळी उष्णता ब्रेकच्या चार चकत्या-ड्रमांवर टाकली, तर पॅडची पकड सुटू लागते. त्याहून घातक प्रकार ब्रेक ऑइलचा. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पण ओलावा धरलेलं ऑइल १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल तळाला टेकलं तरी गाडी थांबत नाही.

खालचा गिअर टाकला, की हे ओझं इंजिन उचलतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर पेट्रोल इंजिनाची हवेची झडप जवळजवळ मिटते. पिस्टनना अपुऱ्या हवेत ओढ घ्यावी लागते. त्या ओढीत आणि घर्षणात गाडीचा जोर खर्ची पडतो. दोन नंबरवर काटा तीन हजार फेऱ्यांच्या आसपास गेला, आवाज वाढला, तरी घाबरू नये. इंजिनाला ते सहज झेपतं. चुकून फारच खालचा गिअर मागितला, तर गिअरबॉक्स तो नाकारतो.

आणि पेट्रोल? आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत अशा वेळी इंधनाचा पुरवठाच बंद होतो. उलट न्यूट्रलवर टाकून उतरणाऱ्याचं इंजिन सुरू राहण्यासाठी पेट्रोल पीत राहतं, आणि गाडीला इंजिनाचा आधारही उरत नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारी माणसं आजही भेटतात. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं, हे करू नका.

चढावरही ही अधिक-उणेची सोय उपयोगी. विशेषतः एएमटी गाड्यांत, कारण तिथे नेहमीचाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. वळणावर पाय जरा उचलला, की यंत्राला वाटतं आता जोर नको. ते वरचा गिअर टाकतं. वळण संपताच पाय दाबला, की पुन्हा खालचा, मध्ये एक झटका. पुढचं वळण तुम्हाला दिसतं, त्याला दिसत नाही. म्हणून दोन नंबर धरून ठेवावा. सीव्हीटीत तर ठरावीक गिअर नसतातच, पट्टा आणि पुली असतात. तिथे बऱ्याचदा ‘एल’ किंवा ‘एस’ हेच काम करतं. शहरात मात्र ‘डी’ पुरे. सिग्नल-सिग्नलवर गिअर बदलत बसण्यात काही हशील नाही.

विजेच्या बहुतेक गाड्यांत बदलायला गिअर उरले नाहीत, पण नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीत स्टिअरिंगमागच्या पात्या आहेतच. त्यांनी मोटरचा ब्रेक कमी-जास्त करता येतो. मोटर जनित्र बनते आणि पाणी उकळवणारी ती ऊर्जा बरीचशी बॅटरीत परत येते. फक्त महाबळेश्वरच्या मुक्कामात रात्रभर लावून बॅटरी १०० टक्के भरू नये. भरलेल्या बॅटरीत परतीची वीज ठेवायला जागा नसते, त्यामुळे घाटाच्या पहिल्याच उतारांवर हा ब्रेक नीट लागत नाही. चार्जिंग जरा आधीच काढावं.