निवृत्तिवेतन सुधारणा आणि जनमत

निवृत्तिवेतन सुधारणा आणि जनमत हा अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. निवृत्तीचे वय, अंशदानाचा दर किंवा निवृत्तिवेतनाची रक्कम बदलणाऱ्या निर्णयांना लोक कधी पाठिंबा देतात आणि कधी विरोध करतात, याचा विचार त्यात केला जातो. लोकांना उपलब्ध असलेली माहिती आणि त्या माहितीची मांडणी हे त्यातील दोन प्रमुख घटक मानले जातात. येथे 'मांडणी' म्हणजे एकच वस्तुस्थिती निरनिराळ्या शब्दांत किंवा निरनिराळ्या तुलनेसह सांगणे होय.

सुधारणेची गरज पटणे आणि एखादी विशिष्ट सुधारणा मान्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती पहिलीसाठी उपयुक्त ठरते. दुसरी मात्र सुधारणेचा भार कोणावर पडतो आणि माहिती देणाऱ्यावर लोकांचा विश्वास किती आहे, यांवरही अवलंबून असते.

पार्श्वभूमी

अनेक देशांतील सार्वजनिक निवृत्तिवेतन योजनांत आज काम करणाऱ्यांच्या अंशदानातून आजच्या निवृत्तांना वेतन दिले जाते. अशा योजनेचे गणित काम करणारे आणि निवृत्त यांच्या संख्येवर चालते. उदाहरणार्थ, प्रत्येक निवृत्त व्यक्तीला दरमहा १०,००० रुपये द्यायचे असतील आणि तिच्यामागे चार कमावते असतील, तर प्रत्येकाला २,५०० रुपये द्यावे लागतात. कमावत्यांची संख्या दोनवर आली, की हाच वाटा ५,००० रुपये होतो. जन्मदर घटला आणि आयुर्मान वाढले, की सरकारपुढे तीन मुख्य मार्ग उरतात : अंशदान किंवा कर वाढवणे, निवृत्तिवेतन कमी करणे किंवा निवृत्तीचे वय वाढवणे.

या तिन्ही मार्गांत कोणाचे तरी नुकसान ठळकपणे दिसते, तर फायदा अनेक वर्षांनी होतो आणि तो सर्वांत विखुरलेला असतो. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ पॉल पिअरसन यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कल्याणकारी योजनांतील कपातीचे राजकारण हे मुख्यतः मतदारांचा रोष टाळण्याचे राजकारण असते, असे प्रतिपादन केले. त्यामुळे सुधारणा कोणत्या शब्दांत सांगितली जाते, या प्रश्नाला राजकीय महत्त्व प्राप्त होते.

माहितीचा परिणाम

तितो बोएरी, आक्सेल ब्योर्श-सुपान आणि ग्विदो ताबेल्लिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० सालच्या सुमारास जर्मनी आणि इटलीसह काही युरोपीय देशांत जनमत सर्वेक्षणे केली. योजना अडचणीत आहे, याची अनेक नागरिकांना कल्पना होती. मात्र योजनेचा खरा खर्च किती, हे फार थोड्यांना ठाऊक होते. ज्यांना हा खर्च आणि योजनेचे कार्य अधिक नीट माहीत होते, ते सुधारणेला अधिक अनुकूल आढळले. तथापि अशा सर्वेक्षणांतून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. अधिक माहिती असणारी व्यक्ती अधिक शिकलेली किंवा अधिक उत्पन्नाची असू शकते आणि तिचा कल त्यामुळेही वेगळा असू शकतो.

माहिती नियमितपणे पुरवण्याचे प्रसिद्ध उदाहरण स्वीडनमधील आहे. १९९० च्या दशकात तेथे निवृत्तिवेतन व्यवस्थेची पुनर्रचना झाली आणि १९९९ पासून प्रत्येक विमाधारकाला दरवर्षी नारिंगी रंगाच्या पाकिटातून त्याच्या खात्याचा हिशेब पाठवला जाऊ लागला. आजवर किती रक्कम जमा झाली आणि निवृत्तीनंतर अंदाजे किती वेतन मिळेल, हे त्यात दिलेले असते. मोठ्या राजकीय पक्षांनी सुधारणेला एकत्रित पाठिंबा दिला होता, ही बाबही तेथे महत्त्वाची ठरली. इटलीमध्ये २०१६ साली अशीच नारिंगी पाकिटे पाठवण्यास प्रारंभ झाला. तेथे २०११ साली मंत्री एल्सा फोर्नेरो यांनी आर्थिक संकटाच्या काळात निवृत्तीच्या अटी एकाएकी कडक केल्या होत्या आणि त्या निर्णयावरील वाद अद्याप शमला नव्हता.

माहिती वेळेवर न मिळाल्यास काय होते, हे ब्रिटनमध्ये दिसले. १९९५ च्या कायद्याने स्त्रियांचे निवृत्तिवेतनाचे वय ६० वरून पुरुषांप्रमाणे ६५ करण्याचे ठरले आणि २०११ च्या कायद्याने त्याचा वेग वाढवला. १९५० च्या दशकात जन्मलेल्या अनेक स्त्रियांनी या बदलाची सूचना फार उशिरा मिळाल्याची तक्रार केली. स्त्री-पुरुषांसाठी समान वय असण्यास या चळवळीचा विरोध नव्हता. निवृत्तीचे नियोजन बदलण्यास अवधी मिळाला नाही, हा तिचा आक्षेप होता. मार्च २०२४ मध्ये संसदीय लोकपालांनी संबंधित खात्याच्या सूचना देण्यातील त्रुटी मान्य करून भरपाईची शिफारस केली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने भरपाई देण्यास नकार दिला.

मांडणीचा परिणाम

मांडणीच्या परिणामाचा पाया आमोस ट्वेर्स्की आणि डॅनियल कानेमान यांच्या १९८१ सालच्या शोधनिबंधात आहे. त्यांनी ६०० लोकांना धोका असलेल्या काल्पनिक साथीसंबंधी दोन गटांना प्रश्न विचारला. '२०० लोक वाचतील' अशा शब्दांत मांडलेला उपाय ७२ टक्के लोकांनी निवडला. तोच उपाय '४०० लोक मरतील' असा मांडल्यावर केवळ २२ टक्क्यांनी निवडला. मिळणाऱ्या लाभापेक्षा तेवढ्याच नुकसानीचे दुःख माणसाला अधिक वाटते, या त्यांच्या सिद्धांताशी हा निष्कर्ष जोडलेला आहे.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत प्रश्न असा असतो, की तुलना कशाशी करायची. 'निवृत्तीचे वय दोन वर्षांनी वाढेल' या वाक्यात तुलना आजच्या नियमाशी आहे, म्हणून बदल नुकसानीसारखा भासतो. 'वय न वाढवल्यास पुढील पिढीचे वेतन घटेल' या वाक्यात तुलना भविष्यातील तुटीशी आहे, म्हणून तोच बदल संरक्षणासारखा भासतो. शब्दांची निवडही अशीच निर्णायक ठरते. अमेरिकेत २००५ साली राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सामाजिक सुरक्षा योजनेतील काही रक्कम गुंतवणूक खात्यांत वळवण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा समर्थक या खात्यांना 'व्यक्तिगत' म्हणत आणि विरोधक 'खासगी' म्हणत. प्रस्ताव अखेर मागे पडला.

फ्रान्समध्ये २०२३ साली निवृत्तीचे किमान वय ६२ वरून ६४ करण्यात आले. सरकारने ही सुधारणा व्यवस्था वाचवणारी आणि न्याय्य असल्याचे सांगितले. कामगार संघटनांनी ती आयुष्यातील दोन वर्षे हिरावणारी ठरवली. निवृत्तिवेतनविषयक अधिकृत सल्लागार परिषदेचा एकच अहवाल दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून वापरला : एका बाजूने त्यातील तुटीवर बोट ठेवले, दुसऱ्या बाजूने राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेतील खर्च आटोक्यात असल्यावर. पूर्ण सेवाकाळ झालेल्यांना सुमारे १,२०० युरोंचे किमान वेतन मिळेल, असे सरकारने सांगितले होते. प्रत्यक्षात थोड्याच लोकांना तेवढी रक्कम गाठता येईल, हे चर्चेत उघड झाले आणि सरकारची विश्वासार्हता खालावली. मार्च २०२३ मध्ये सरकारने राज्यघटनेच्या कलम ४९.३ चा आधार घेऊन नॅशनल असेंब्लीत अंतिम मतदान न घेता विधेयक संमत करवले.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून सेवेत येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी (सैन्यदले वगळता) राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू केली. महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांना परिभाषित अंशदान योजना लागू केली. पूर्वीच्या योजनेत पूर्ण सेवेनंतर अखेरच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के वेतन, त्यावर महागाई भत्त्याची वाढ आणि कर्मचाऱ्याचे शून्य अंशदान, अशी रचना होती. नव्या प्रणालीत कर्मचारी आणि सरकार दोघेही रक्कम भरतात. निवृत्तीनंतरची प्राप्ती गुंतवणुकीच्या परताव्यावर अवलंबून राहते.

हा बदल केवळ नव्या कर्मचाऱ्यांना लागू असल्याने प्रारंभी विरोध मर्यादित राहिला. कालांतराने एकाच कार्यालयात, एकाच पदावर, परंतु वेगवेगळ्या निवृत्तिवेतनाचे हक्कदार असलेले कर्मचारी काम करू लागले. त्यामुळे 'समान काम, असमान वृद्धत्व' अशी तुलना सहज उपलब्ध झाली. 'जुनी पेन्शन' या नावातच काढून घेतलेल्या हक्काची भावना आहे. आमदार-खासदारांना निवृत्तिवेतन मिळते, मग कर्मचाऱ्यांना का नाही, हा प्रश्नही आंदोलनात वारंवार विचारला गेला. २०२२-२३ मध्ये राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश या राज्यांनी जुन्या योजनेकडे परतण्याचे जाहीर केले.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात जुन्या योजनेचा भार सुमारे १ लाख १० हजार कोटी रुपये होईल, असे सांगून ती लागू करण्यास नकार दिला. जानेवारी २०२३ मधील विधान परिषदेच्या शिक्षक व पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुकीत हा प्रचाराचा मुद्दा बनला. १४ मार्च २०२३ रोजी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' या घोषणेसह राज्यभर संप सुरू झाला. शासनाच्या आश्वासनानंतर तो सातव्या दिवशी मागे घेण्यात आला.

या वादात दोन मांडण्या समोरासमोर आल्या. कर्मचाऱ्यांच्या मांडणीचा केंद्रबिंदू एका कुटुंबाचे निवृत्तीनंतरचे मासिक उत्पन्न हा होता, तर शासनाच्या मांडणीचा केंद्रबिंदू राज्याची तिजोरी हा होता. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या पत्रिकेतील सप्टेंबर २०२३ च्या लेखात सर्व राज्ये जुन्या योजनेकडे वळल्यास त्यांचा एकत्रित भार नव्या प्रणालीच्या सुमारे ४.५ पट होऊ शकेल, असा अंदाज दिला होता. कोट्यवधींचे आकडे अमूर्त वाटतात आणि घरातील दरमहा उत्पन्नाचा आकडा मूर्त वाटतो, हा या संघर्षातील असमतोल होता. असंघटित क्षेत्रातील कामगार आणि किमान १,००० रुपये मासिक वेतनाच्या भविष्य निर्वाह योजनेतील निवृत्त हे मात्र दोन्ही मांडण्यांच्या परिघावर राहिले.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राने ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. २५ वर्षे सेवेनंतर अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के वेतनाची हमी तीत आहे. अंशदान मात्र कायम आहे. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी ती लागू झाल्यावर पर्याय निवडण्याची ३० जून ही मुदत आधी ३० सप्टेंबर व नंतर ३० नोव्हेंबरपर्यंत वाढवावी लागली. 'हमी' हा शब्द परत आला, तरी कर्मचाऱ्यांनी तपशिलांचा हिशेब मांडूनच निर्णय घेतल्याचे यावरून दिसते.

मर्यादा

सर्वेक्षणातील उत्तर आणि मतपेटीतील कौल नेहमी जुळतातच असे नाही. वास्तवात एकाच वेळी अनेक परस्परविरोधी मांडण्या ऐकू येत असल्याने एका मांडणीचा परिणाम दुसरीने कमी होऊ शकतो. शिवाय विरोध हा नेहमी अज्ञानातून उद्भवतो, असे मानता येत नाही. निवृत्तीजवळ आलेल्या कष्टकऱ्याला वय वाढल्यास खरेच अधिक काळ राबावे लागते. ही वस्तुस्थिती कोणत्याही मांडणीने बदलत नाही.