वाळीत टाकण्याची ताकद

एखादा पंथ श्रद्धेचा राहिला की माणसाला कह्यात घेणारा झाला, हे त्याच्या तत्त्वज्ञानावरून ओळखता येत नाही. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत रविवारी सोसायट्यांच्या हॉलमध्ये सत्संग, पारायणं, प्रार्थनासभा भरतात. कुणाचे गुरू हयात, कुणाचे समाधिस्थ. तेवढ्यावरून कुणालाही नावं ठेवू नयेत. पाहायचं ते एवढंच, की प्रश्न विचारणाऱ्याचं आणि सोडून जाणाऱ्याचं पुढे काय होतं. मुंबईतून हा प्रश्न शंभर वर्षांच्या अंतराने दोनदा न्यायालयात गेला आणि दोन्ही वेळा निकाल वेगवेगळ्या दिशांना गेले.

पहिला खटला ‘महाराज लायबल केस’. २१ ऑक्टोबर १८६० च्या ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात सुधारक पत्रकार करसनदास मूळजींनी वल्लभ संप्रदायातल्या महाराजांवर लेख लिहिला. तन, मन, धन गुरूला अर्पण करण्याच्या शिकवणुकीआड अनुयायांच्या लेकीसुनांना नासवलं जातं, असा उघड आरोप त्यात होता, आणि जदुनाथजी महाराजांचं नावही. महाराजांनी ५० हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. महाराजांवर गुप्तरोगाचे उपचार केल्याची साक्ष डॉ. भाऊ दाजी लाड यांनी दिली, ती बरीच गाजली. २०२४ मध्ये या खटल्यावर चित्रपटही आला.

मला मात्र खटल्याबाहेरच्या दोन हकिकती जास्त बोलक्या वाटतात. खटल्याआधी काही वर्षं याच संप्रदायातल्या जीवनलालजी महाराजांना कोर्टाचं बोलावणं आलं, तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद झाले. दर्शनावाचून अन्नाला न शिवणारे वैष्णव बाहेर खोळंबले. दार उघडायचं तर एका दस्तावर सह्या करायच्या होत्या: महाराजांविरुद्ध कुणी लिहायचं नाही, त्यांना कोर्टात यावं लागू नये अशी तजवीज करायची, आणि जो मोडेल तो जातीबाहेर. हा दस्त पुढे गुलामीखत म्हणूनच ओळखला गेला. दुसरी हकिकत खटल्याच्या तोंडावरची. महाराजांविरुद्ध कुणी साक्ष द्यायची नाही, असा ठराव भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी केला. करसनदासांनी त्यांनाही कोर्टात खेचलं आणि त्यांना दंड झाला. उपाशी भक्त आणि दबलेला साक्षीदार, दोघांच्या मानेवर एकच सुरी होती: जात.

२२ एप्रिल १८६२ रोजी निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. नीतीला जे गैर, ते धर्माच्या नावाने योग्य ठरत नाही, अशी न्या. आर्नोल्ड यांची भूमिका होती. करसनदासांना खर्चापोटी साडेअकरा हजार रुपये मिळाले. पण पुढे विलायतेला जाऊन आल्यावर जातीने त्यांना वाळीत टाकलंच.

या निकालाने संप्रदाय बुडाला नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. आज घाटकोपर, मुलुंड, कांदिवलीत हवेल्या, म्हणजे या संप्रदायाची मंदिरं, आहेत आणि घरोघरी ठाकोरजींची, म्हणजे कृष्णमूर्तीची, सेवा चालते. कोर्टात हरली ती भक्ती नव्हे, भक्तीच्या आडची जबरदस्ती.

दुसरा निकाल ९ जानेवारी १९६२ चा. मुंबई राज्याने १९४९ मध्ये धार्मिक बहिष्कारावर बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मप्रमुख सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द केला. धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करणं हा पंथाचा अंतर्गत कारभार, म्हणून त्याला राज्यघटनेच्या अनुच्छेद २६ चं संरक्षण आहे, असं बहुमत म्हणालं. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी विरोधी मत नोंदवलं. मला तेच मत पटतं, कारण ज्याच्याशी लग्नसंबंध, व्यवहार, कब्रस्तान सगळंच तोडलं जातं, त्याच्यासाठी हा नुसता अंतर्गत कारभार उरत नाही.

ती किंमत बोहरा सुधारक असगर अली इंजिनिअर यांनी मोजली. वडील बोहरा धर्मगुरू, स्वतः महापालिकेत अभियंता. पौगंडावस्थेत मिसाक, म्हणजे निष्ठेची शपथ, घ्यायची आणि पुढे लग्नापासून दफनापर्यंत सैयदनांची रझा, म्हणजे परवानगी, घ्यायची, या व्यवस्थेला सुधारकांनी विरोध केला. त्यांच्या तक्रारी ऐकायला नेमलेल्या न्या. नथवानी आयोगाचा अहवाल १९७९ मध्ये आला. इंजिनिअर वाळीत पडले, त्यांच्यावर अनेकदा हल्ले झाले. १३ फेब्रुवारी २००० रोजी मुंबई विमानतळावर त्यांना मारहाण झाली आणि सांताक्रूझमधल्या त्यांच्या घराची आणि कार्यालयाची नासधूस झाली. नमाज-रोजा त्यांनी कधी नाकारला नव्हता. त्यांनी हिशोब आणि हक्क मागितले होते.

हे फक्त जुन्या, जन्माने बांधलेल्या समाजांत घडतं असंही नाही. रजनीशांचे संन्यासी स्वखुशीने आलेले, बहुतेक शिकलेले. तरी अमेरिकेत ओरेगॉनमध्ये १९८४ मध्ये, काउंटीची निवडणूक जिंकण्यासाठी, आश्रमाच्या कारभाऱ्यांनी उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले आणि ७५१ माणसं आजारी पडली. पुढे रजनीशांची सचिव मा आनंद शीला हिला तुरुंगवास झाला. रजनीश १९८६ मध्ये मुंबईत परतले, काही महिने जुहूला राहिले आणि मग पुण्याला गेले. घर, पैसा, जुनं नाव मागे टाकून आलेल्या संन्याशाला मात्र परतायची वाट उरत नाही. तिथे वाळीत टाकायला जातही लागत नाही.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अघोरी कृत्यांना हात घालतो. माणसं तोडण्याला तो पुरत नाही. त्यासाठी सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला, तो २०१७ मध्ये लागू झाला. जातपंचायतींचा जाच डोळ्यांसमोर ठेवून केलेला असला तरी त्यातल्या ‘समाज’ या संज्ञेत धर्मपंथही बसतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हायला हवा असं म्हणून बोहरा बहिष्काराचं प्रकरण नऊ न्यायाधीशांकडे पाठवलं. पण ज्याच्याशी उपनगरातल्या बिल्डिंगमधल्या आपल्याच माणसांनी बोलणं बंद केलंय, त्याला दिल्लीपर्यंत जायला नको. सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यातही करता येते.