डीझेल एंजिनाच्या पेटीतील हवा

११ सप्टेंबर १९४७ रोजी ‘रेइना देल पॅसिफिको’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज दुरुस्तीनंतर उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ चाचणीसाठी चालविले जात असता त्याच्या एंजिनघरात स्फोट झाला आणि २८ माणसे मृत्यू पावली. पेटले होते ते एंजिनाच्या पेटीतील तेलकट धुके.

ही पेटी, म्हणजे क्रँककेस, भुजादंडाभोवती असते. दट्ट्याच्या कड्या कितीही घट्ट बसविल्या तरी ज्वलनाचे वायू थोडेफार खाली झिरपतातच. त्यांना वाट दिली नाही तर पेटीतील दाब वाढतो व वंगण सांध्यांतून बाहेर येऊ लागते. पेट्रोल एंजिनात हवेची वाट आवळणारी झडप असते; तिच्यामागे निर्माण होणारा अंशतः निर्वात हे वायू शोषून घेतो. डीझेल एंजिनात बहुधा अशी झडप नसल्यामुळे निराळी सोय करावी लागते. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेल्या ‘डब्ल्यूडीएम-२’ रेल्वे एंजिनांत हे काम विजेचा एक पंखा करीत असे.

मग हा पंखा जोराने का फिरवू नये? कारण पेटीत उडणारे वंगण एखाद्या तापलेल्या धारव्यावर पडले की त्याची वाफ होते आणि ती निवून अतिसूक्ष्म धुके बनते. लिटरभर हवेत सुमारे ५० मिलिग्रॅम तेल झाले, की हे मिश्रण पेट घेऊ शकते. जोराचा निर्वात बाहेरची ताजी हवा आत ओढतो, आणि आगीला तर तीच हवी असते! म्हणून सागरी एंजिनांच्या नियमांनी पेटीतील निर्वातावर सुमारे अडीच सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतकी मर्यादा घातली आहे.

पहिला स्फोट पुष्कळदा लहानच असतो. परंतु त्याचे वायू निघून गेले की पेटीत क्षणभर निर्वात होतो, फुटलेल्या दारांतून हवा आत धावते आणि उरलेले धुके दुसऱ्यांदा, अधिक भयंकर रीतीने पेटते. यासाठी मोठ्या सागरी एंजिनांच्या पेटीला स्प्रिंगच्या झडपा बसविणे आज सक्तीचे आहे. दाब वाढताच त्या उघडतात व तत्क्षणी मिटतात. बाहेर पडणारी ज्वाला त्यांच्यावरील जाळी अडविते. धुके वाढल्याची सूचना मिळाली, तर एंजिन थांबवून ते पुरेसे निवेपर्यंत पेटीचे दार कोणी उघडीत नाही.