उघड्यावरचा शिकारी

कान्ह्याच्या जंगलातला वाघ-हरणांचा अभ्यास आटोपून जॉर्ज शॅलर १९६६ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत पोचले. सिंह पाहायला येणारे पर्यटक तेव्हाही तिथं होते. सेरोनेराच्या आसपास झाडाखाली लोळणारे सिंह गाडीतून बघायचे, फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी परतायचं, असा रिवाज होता. सिंहाचा दिवस सुरू व्हायचा तो त्यानंतर. शॅलर रात्ररात्र गाडीत बसून राहिले. १९७२ मध्ये त्यांचं ‘द सेरेंगेटी लायन’ आलं, तेव्हा वनराजाच्या प्रतिमेला बऱ्यापैकी तडे गेले. हा राजा वेळ आली तर दुसऱ्याच्या शिकारीवर डल्ला मारतो, आपल्याच कळपातल्या पिल्लांच्या तोंडचा घास ओढतो, असं त्यात नोंदींसकट होतं.

त्याच सुमारास हान्स क्रूक हे डच शास्त्रज्ञ शेजारच्या न्गोरोंगोरोच्या विवरात तरसांच्या मागावर होते. तिथलं सकाळचं दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं होतं: मेलेल्या झेब्र्यावर सिंह ताव मारतोय आणि भोवती तरसं आशाळभूतपणे ताटकळतायत. बघणाऱ्यानं अर्थ लावलेला असायचा की शिकार सिंहाची आणि तरस फुकट्या. क्रूक चांदण्या रात्री तरसांच्या मागे गाडी घेऊन फिरले आणि निकाल उलटा लागला. झेब्रा बहुतेक वेळा तरसांनीच पाडलेला असायचा. सिंह नंतर येऊन त्यांना हुसकावून लावायचा आणि उजाडल्यावर पर्यटकांना दिसायचा तो या नाटकाचा शेवटचा अंक. तरसाची बदनामी मात्र अजून चालू आहे. ‘द लायन किंग’ बघून मोठ्या झालेल्या पिढीला क्रूक कोण समजावणार!

गेल्या साठ वर्षांतलं सेरेंगेटीतलं आणि तिच्या लगतच्या केनियातल्या मसाई मारातलं शिकारी प्राण्यांचं निरीक्षण आठवताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. या प्राण्यांविषयीची आपली मतं आपण किती वाजता बघतो यावर ठरत आली आहेत. सिंह, तरस, बिबट्या यांचा बराचसा कारभार अंधारात चालतो. सफारीची गाडी फिरते उजाडल्यापासून मावळेपर्यंत. या वेळेत ज्याचं सगळं आयुष्य उघड्यावर मांडलेलं असतं असा मोठा शिकारी मुख्यतः एकच, तो म्हणजे चित्ता. (चांदण्या रात्री तोही शिकार करतो, हे अलीकडे बोत्स्वानातल्या कॉलर लावलेल्या चित्त्यांवरून कळलं आहे.) म्हणून त्याच्याबद्दल आपल्याला इतरांपेक्षा जास्त दिसलं, आणि आपल्या बघण्याची झळही त्यालाच जास्त लागली.

चित्ता दिवसा शिकार करतो ती हौस म्हणून नव्हे. चाळीस-पन्नास किलोंचं हे हलकं अंग वेगासाठी घडलेलं आहे, मारामारीसाठी नव्हे. सिंह समोर आला तर जीव वाचवणं एवढंच त्याच्या हाती असतं, आणि एकटं तरस आलं तरी तो बहुधा शिकार सोडून देतो. भांडणात पाय दुखावला तर उपासमार ठरलेली. तेव्हा हे दांडगे शेजारी सावलीत पेंगत असतात त्या वेळी आपलं उरकून घ्यायचं, हा त्याचा व्यवहार आहे. शिकार साधली की धापा टाकत थोडा दम खायचा आणि गिधाडं घिरट्या घालायच्या आत भराभर पोट भरायचं. आकाशातली गिधाडं दिसली की तरसांना पत्ता लागतोच.

टिम कॅरो यांनी १९८० मध्ये सेरेंगेटीच्या मैदानात चित्त्यांचं काम हाती घेतलं. पुढे १९९१ पासून सारा ड्युरंट यांनी ते चालवलं. एका जागी एवढी वर्षं एकेक चित्ता ओळखून, त्याच्या आईपासून नातवंडांपर्यंतची वंशावळ ठेवण्याचं असं काम दुसरीकडे क्वचितच झालं असेल. यातला सर्वांत कठीण भाग करेन लॉरेन्सन यांच्या वाट्याला आला. कॉलर लावलेल्या माद्या शिकारीला गेल्या की लॉरेन्सन गुपचूप त्यांच्या लपणीच्या जागेपाशी जाऊन बछडे मोजायच्या, वजन घ्यायच्या आणि मादी परतायच्या आत निघून यायच्या. निष्कर्ष सुन्न करणारा होता. जन्मलेल्या शंभर पिल्लांतली जेमतेम पाच स्वतंत्र होण्याइतकी जगत होती, आणि मारणाऱ्यांमध्ये पहिला क्रमांक सिंहांचा होता. सिंह ती पिल्लं खातही नाहीत बऱ्याचदा, मारून पुढे जातात. कालाहारीच्या रखरखीत भागात नंतर झालेल्या अभ्यासात पिल्लांचं जगण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. सेरेंगेटीचा हिशेब सगळ्या आफ्रिकेला लावता येत नाही.

दरम्यान सेरेंगेटीतले सिंह वाढत होते. याचं मूळ गाईगुरांच्या लसीत आहे, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. बुळकांडी या गुरांच्या रोगानं विल्डबीस्टचे कळप दशकानुदशकं खुरटवून ठेवले होते. आसपासच्या गुरांचं लसीकरण झालं, १९६० च्या दशकात रोग हटला आणि अडीच लाखांच्या घरातले विल्डबीस्ट १९७० च्या दशकाअखेर तेरा लाखांच्या वर गेले. सावज वाढलं तसे सिंह वाढले. १९६६ ते १९९८ या काळात ते जवळजवळ तिप्पट झाले. मधेच १९९४ मध्ये कॅनाइन डिस्टेम्पर या रोगानं सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह नेले, पण ते सावरले. रानकुत्रे मात्र १९९१ मध्येच या मैदानातून नाहीसे झाले होते.

मग चित्तेही संपायला हवे होते. इतके सिंह, आणि पिल्लांचा असा संहार! पण तीन दशकं त्यांची संख्या फारशी ढळली नाही. ते कसं, याचा धागा प्रयोगांतून मिळाला. ड्युरंट यांनी माळावर ध्वनिक्षेपक ठेवून सिंहाच्या डरकाळ्या आणि तरसांचे हेल ऐकवले, तेव्हा चित्ते उठून दूर निघून गेले. २०१० नंतर माळभर लावलेल्या शेकडो स्वयंचलित कॅमेऱ्यांनी आणखी एक बारकावा दाखवला. सिंहांचा मुलूख चित्ते कायमचा सोडत नाहीत. सिंह नुकताच गेलेल्या जागी काही तास फिरकायचं नाही, एवढंच पथ्य ते पाळतात. जागा तीच, वेळ वेगळी. रानकुत्र्यांना हे जमलं नाही, त्यांनी मुलूखच सोडला. चित्त्याबद्दल मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते, ताशी शंभर किलोमीटरची नव्हे. त्या वेगाचंही बोत्स्वानातल्या कॉलरांनी २०१३ मध्ये माप काढलंच. कमाल ९३ किलोमीटर भरली, बहुतेक शिकारी त्याहून बऱ्याच कमी वेगात झाल्या आणि खरी कसोटी निघाली ती ब्रेक मारण्याची आणि वळण्याची. चारांतला एखादाच प्रयत्न फळाला आला.

असा हा तासांचा हिशेब ठेवणारा प्राणी. त्याच्या तासांत आपण घुसलो.

ही घुसखोरी एका दिवसात झाली नाही. १९५९ मध्ये बर्नहार्ड आणि मिखाएल ग्झिमेक या बापलेकांचा सेरेंगेटीवरचा चित्रपट युरोपभर गाजला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, गिधाडाला धडकून विमान कोसळल्यानं मिखाएल गेला होता. १९६० मध्ये जॉय अ‍ॅडमसन यांची एल्सा सिंहीण घराघरात पोचली. १९७७ मध्ये केनियानं शिकारीवर बंदी घातली आणि बंदूकवाले गेले, कॅमेरेवाले आले. पण मारातल्या चित्त्यांना घरच्या माणसासारखं नाव मिळालं ते बीबीसीच्या ‘बिग कॅट डायरी’मुळे. १९९६ पासून सुरू झालेल्या या मालिकेतली कीके नावाची चित्तीण गाडीच्या टपावर चढून सावज हेरायची. एकदा तिनं वरून थेट सूत्रसंचालक जोनाथन स्कॉट यांच्यावर विधी उरकला आणि ते चित्रण जगभर फिरलं. लोक हसले. त्यातून मात्र एक रूढी पडली. चित्ता टपावर चढणं हा सफारीचा मानबिंदू ठरला. माळावर वारूळ असताना गाडी त्याच्या शेजारी अशी आणून लावायची की चित्त्याला गाडीच उंच वाटावी, ही कला काही चालकांनी कमावली. मलायका ही पुढची टपावरची राणी. तिच्यासोबतचे फोटो अजूनही अनेकांच्या दिवाणखान्यात आहेत.

त्याच मालिकेत गाजलेल्या मार्श कळपाच्या सिंहांवर २०१५ च्या डिसेंबरात विषप्रयोग झाला. रात्री राखीव क्षेत्रात चरायला शिरणारी गुरं आणि त्यातली सिंहांनी मारलेली गुरं हे त्यामागचं कारण. टीव्हीवर गाजलेली सतरा वर्षांची बिबी सिंहीण त्यात मेली. माराच्या रात्रीत काय चालतं ते पर्यटकाला तेव्हाही दिसलं नव्हतं.

मारात मी गेलो तेव्हा मराठी गटांचा राबता चांगलाच वाढला होता. डब्यात चिवडा, लाडू, गळ्यात कॅमेरा आणि ‘बिग फाइव्ह’ची यादी. त्या यादीत चित्ता नाही, कारण ती मुळात पायी शिकार करणाऱ्या साहेबांनी धोक्याच्या हिशेबानं केलेली यादी आहे. तरी पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना चित्ताच हवा असतो. वायरलेसवर स्वाहिलीत ‘दुमा’ (चित्ता) ऐकू आलं की उघड्या टपाच्या गाड्या धुरळा उडवत एकाच दिशेला पळतात. एकदा तीन बछडे घेऊन बसलेल्या मादीपुढे गाड्यांचं असं कडं झालं की तिला समोरची थॉमसन गॅझेल दिसत होती आणि गॅझेलला गाड्या. ती दोनदा उठली, दोनदा बसली. मग बछड्यांना घेऊन झुडपांकडे गेली. आमच्या गाडीत कुणीतरी म्हणालं, “काही केलंच नाही हो तिनं.” मसाई चालकानं गाडी वळवली आणि आम्हाला सिंहांकडे नेलं. ते झोपलेले होते.

अशा सकाळींची बेरीज किती होते, ते संशोधक फेमके ब्रुकहाउस यांनी २०१८ मध्ये मांडलं. मारातल्या कमी पर्यटकांच्या भागात चित्तिणीची सरासरी २.३ पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत टिकत होती. गर्दीच्या भागात हा आकडा ०.२ होता. आकडा वाचून मी दोनदा तपासला. पिल्लांना गाड्या चिरडत नाहीत. शिकार हुकते, तरसांना सुगावा लागतो, आईचा वेळ आणि जोम नाहक खर्च होतो, असा तर्क आहे. सिंहाला आपण गाडीत आहोत की नाही याचं सोयरसुतक नसतं. चित्त्याच्या हिशेबात मात्र आपण तरसांच्या रांगेत जाऊन बसलो.

यावर उतारा म्हणून जे घडलं त्यात मला सर्वांत पटतात त्या मारालगतच्या मसाई जमीनमालकांच्या संरक्षित जमिनी. २००६ मध्ये ओलारे ओरोक, नंतर मारा नॉर्थ, २०१० मध्ये नाबोइशो. आपापल्या तुकड्यांची जमीन एकत्र करून ती सफारी-तळांना भाड्यानं द्यायची, दरमहा भाडं घ्यायचं, गुरांच्या चराईला शिस्त लावायची आणि एका प्राण्याभोवती साधारण पाचांहून जास्त गाड्या जाऊ द्यायच्या नाहीत. इथल्या तळांचे दर ऐकून आपल्याकडच्या बहुतेकांचे डोळे पांढरे होतात, हे खरंच. शिवाय सगळी मदार पर्यटकांवर. २०२० मध्ये विमानं बंद झाली तेव्हा ही भाडी कशी भागवायची, हा पेच उभा राहिलाच. राखीव क्षेत्राचं प्रवेशशुल्कही २०२४ पासून हंगामात परदेशी माणसाला रोजचे २०० डॉलर झालं आहे. पण गर्दी दरानं कमी होते की श्रीमंतांचीच होते, याबद्दल मी साशंक आहे.

आफ्रिकेतल्या चित्त्यांशी आपला संबंध केवळ सहलीचा नाही. आपले चित्ते दुर्मिळ होत गेले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी काळवीटाच्या शिकारीसाठी आफ्रिकेतूनच चित्ते आणवले होते. त्या आधीची शेकडो वर्षं भारतीय चित्तेवान रानातले प्रौढ चित्ते पकडून त्यांना डोळ्यांवर टोपी चढवून शिकवत, पण कैदेत वीण जवळपास होतच नसे. आता मध्य प्रदेशातल्या कुनोत सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाचे आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे बारा आले, आणि पिल्लंही जन्मली. तिथं सिंह नाहीत, बिबटे मात्र भरपूर आहेत. आफ्रिकेतला वेळेचा हिशेब या चित्त्यांना बिबट्यांशी नव्यानं मांडावा लागेल, आणि सफारीच्या जिप्सीवाल्यांशीही.

आफ्रिकेत साधारण सात हजार चित्ते उरले, असा २०१६ चा अंदाज होता. त्यातल्या बहुतेकांचा मुलूख राष्ट्रीय उद्यानांबाहेर, म्हणजे कुंपणं, गुरं आणि रस्त्यांच्या मधे आहे. तिथं कुणी टप उघडून उभं नसतं.

सेरेंगेटीत मात्र पर्यटकांच्या फोटोंचा चित्त्यांना थोडा उपयोगही झाला आहे. संशोधकांनी त्यांच्याकडून फोटो मागवले, कारण प्रत्येक चित्त्याच्या कुशीवरचे ठिपके आणि शेपटीवरची वलयं वेगळी असतात. त्यांना हवा असतो तो उजव्या आणि डाव्या बाजूचा, उन्हातला, सपाट, कंटाळवाणा फोटो. तारखेसह, ठिकाणासह. येतात ते बहुतेक चेहऱ्याचे, डोळ्यांपासून ओठांपर्यंतच्या काळ्या रेघांचे, जबडा उघडलेले. किंवा पळतानाचे, त्यात ठिपके फिसकटलेले. जाणाऱ्याला मी आता एवढंच सांगतो: लांबूनच थांबा, इंजिन बंद ठेवा आणि आधी दोन्ही कुशींचे फोटो काढून ठेवा.