चुंबकातला भोवरा किती वेळ टिकतो? मेमरीसाठी सुरू आहे मोजणी

मोबाईलवर सातबारा उघडला की तो दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवरून येतो. तिथल्या हार्डडिस्कवर माहिती साठवतात ती चुंबकाच्या बारीक बारीक ठिपक्यांत. ठिपक्याची दिशा कोणती, यावरून शून्य की एक ते ठरतं. जागा वाचवायला ठिपके लहान करत गेलं, की ते साध्या उष्णतेनंही पलटायची भीती वाढते. एक पलटला की नोंद बिघडली. म्हणून शास्त्रज्ञांची नजर आता चुंबकातल्या भोवऱ्यांवर आहे.

साध्या चुंबकात प्रत्येक अणू हाच एक छोटा चुंबक असतो आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. पण मँगनीज आणि सिलिकॉनच्या संयुगात शेजारचा अणू किंचित तिरका वळतो, पुढचा आणखी थोडा. दोरीला पीळ पडावा तसं. बाहेरून ठराविक चुंबकीय जोर लावला, की या पिळाचे गोल भोवरे होतात. मधला अणू उलटा, कडेचे सुलटे. ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी स्कर्म यांच्या नावावरून त्यांना स्कर्मिऑन म्हणतात. जर्मनीत म्युनिकच्या संशोधकांनी २००९ मध्ये ते पहिल्यांदा दाखवले, उणे २४५ अंशांच्या आसपास. माणसाच्या केसाच्या जाडीत असे साडेतीन-चार हजार भोवरे ओळीनं बसतील! पुढच्याच वर्षी दिसलं, की अगदी थोड्या करंटनं ते सरकतातही.

आता खरा प्रश्न. भोवरा तयार व्हायला आणि मोडायला किती वेळ लागतो?

हे मोजायची रीत मोटार बांधणाऱ्याला लगेच कळेल. तांब्याच्या तारेच्या वायंडिंगमध्ये नमुना ठेवायचा आणि उलटसुलट करंट सोडायचा. घरातली लाइट सेकंदाला ५० वेळा अशी फिरते. इथं हा वेग हवा तसा कमी-जास्त करतात आणि नमुना किती मागे राहतो ते बघतात. भोवरे नीट बसलेले असताना तो लगेच साथ देतो. पण भोवरे बनण्या-मोडण्याच्या सीमेवर तो रेंगाळतो. एकटा अणू सेकंदाच्या अब्जाव्या भागात हलतो, इथं मात्र लोह-कोबाल्ट-सिलिकॉनसारख्या पदार्थात वेळ सेकंदांच्या घरात जातो. एक मेंढी वळवणं सोपं, अख्खा कळप वाड्याबाहेर काढायला वेळ लागतोच. भोवरा मोडायचा तर हजारो अणूंचा पीळ एकदम सुटावा लागतो, आणि त्यासाठी मधे ऊर्जेचा बांध ओलांडावा लागतो.

तो बांध ओलांडायला मदत करते उष्णता. काहिलीतल्या गरम गुळात बोट फिरवलं तर खूण लगेच भरून येते, थिजलेल्या ढेपेवर ती तशीच राहते. भोवऱ्यांचंही तसंच. नमुना झटकन थंड केला, तर जिथं ते एरवी टिकायला नकोत तिथंही अडकून राहतात.

पण सर्व्हर काही उणे २४५ अंशांत चालवता येत नाही. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी कोबाल्ट, जस्त आणि मँगनीजच्या मिश्रधातूत नेहमीच्या तापमानाला भोवरे मिळवले. तेवढ्या उष्णतेत एकेक भोवरा वर्षानुवर्षं जागेवर राहावा आणि हवा तेव्हा पुसताही यावा, यावर सध्या काम चालू आहे.