चौतीस जणांची पलटण : व्हिएतनामच्या मुक्तिसेनेचा उगम

व्हिएतनामची जनसेना २२ डिसेंबर १९४४ हा आपला स्थापनादिन मानते. त्या दिवशी काओ बांग प्रांतातल्या एका जंगलात चौतीस जणांचे पथक उभे राहिले. दहा वर्षांच्या आत, ७ मे १९५४ रोजी, त्यातूनच वाढलेल्या सेनेपुढे दिएन बिएन फू येथे फ्रेंचांनी हत्यार टाकले. या पथकामागे चार वर्षांची गावोगावची बांधणी होती, आणि सेनेचे खरे मूळ त्या बांधणीतच सापडते.

फ्रेंच राजवटीत मीठ, दारू आणि अफू यांचा मक्ता सरकारकडे होता. त्यावर डोईपट्टीचा भार. १९३० साली हाँगकाँगमध्ये कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षी न्घे आन आणि हा तिन्ह या प्रांतांत शेतकरी उठले. त्यांच्या मोर्चावर सरकारने विमानातून बाँब टाकले आणि उठाव चिरडला. नुसत्या मोर्च्यांनी ही सत्ता हलणार नाही, हे तेव्हाच दिसले.

जून १९४० मध्ये खुद्द फ्रान्स जर्मनीपुढे कोसळला आणि सप्टेंबरात जपानी फौजा उत्तर व्हिएतनाममध्ये आल्या. या गोंधळात बाक सोन भागात उठाव झाला. तो मोडला गेला, पण बचावलेले लढवय्ये रानात टिकून राहिले. पुढे त्यांचीच ‘राष्ट्ररक्षक सेना’ झाली.

जानेवारी १९४१ मध्ये कम्युनिस्ट नेते हो चि मिन्ह तीस वर्षांनी मायदेशी परतले. चीनच्या सीमेलगत पाक बो येथील गुहेत त्यांनी मुक्काम केला. गुहेपुढच्या ओढ्याला त्यांनी लेनिनचे नाव दिले आणि काठावरच्या दगडाचेच मेज केले. मे महिन्यात तिथे पक्षाची बैठक झाली. जमीनवाटपाचा आग्रह मागे ठेवून स्वातंत्र्य आधी मिळवायचे, असे ठरले आणि सर्व थरांतील देशभक्तांसाठी ‘व्हिएतमिन्ह’ ही आघाडी निघाली.

या डोंगरांत तय, नुंग, झाओ अशा जमाती राहत. हनोईत इतिहास शिकवणारे व्हो न्गुयेन गियाप त्यांच्या भाषा शिकले आणि पाड्यापाड्यांत फिरले. आधी विश्वासातली माणसे जोडायची, मग शेतकरी, स्त्रिया आणि तरुण यांचे गट बांधायचे, त्यानंतर गावरक्षक दले उभी करायची, असा क्रम होता. काही गावांत तर प्रत्येक घर संघटनेत आले. गनिमी लढवय्यांना शिधा, वाटाड्या आणि शत्रूची खबर या गावांतूनच मिळे.

१९४४ च्या मध्यास स्थानिक कार्यकर्त्यांनी उठावाची तयारी केली. मधल्या काळात चीनमध्ये तुरुंगवास भोगून परतलेल्या हो चि मिन्ह यांनी तो थांबवला. देशाच्या इतर भागांत तयारी नसताना एकाच कोपऱ्यात उठाव झाला, तर शत्रू सारी ताकद तिथेच लावील, असे त्यांचे म्हणणे होते. त्याऐवजी निवडक माणसे आणि हत्यारे एकत्र करण्याचा लेखी आदेश त्यांनी सिगारेटच्या पाकिटातून धाडला. पथकाचे नाव ‘व्हिएतनाम मुक्ती प्रचारसेना’ असे ठेवले. लढाईपेक्षा राजकीय काम मोठे, ही शिकवण नावातच होती.

२२ डिसेंबरला शपथविधी झाला. चौतिसांतले बहुतेक जण तय आणि नुंग होते. हत्यारांत काही रायफली, जुन्या ठासणीच्या बंदुका आणि मोजकी पिस्तुले होती. शपथेनंतर सगळे जेवायला बसले. पानात फक्त भात होता. भाजी नाही, मीठही नाही. पुढच्या हालअपेष्टांची ती पहिली ओळख होती.

पहिली लढाई जिंकायलाच हवी, अशी ताकीद होती. २५ डिसेंबरला सरकारी शिपायांच्या वेशात पथक फाय खात येथील ठाण्यात शिरले आणि ते काबीज केले; दुसऱ्या दिवशी सकाळी ना न्गान येथील ठाणेही पडले. दोन्हीकडची हत्यारे हाती लागली आणि वार्ता डोंगरभर पसरली.

९ मार्च १९४५ रोजी जपान्यांनी फ्रेंच सत्ता उलथवली, त्यामुळे डोंगरांतली ठाणी दुबळी झाली. त्याच काळात सक्तीच्या धान्यवसुलीमुळे उत्तरेत भीषण दुष्काळ पडला होता आणि लाखो माणसे उपासमारीने मेली. व्हिएतमिन्हने सरकारी कोठारे फोडून तांदूळ वाटण्याची हाक दिली, तेव्हा खेडीच्या खेडी तिच्यामागे आली. १५ मे १९४५ रोजी प्रचारसेना आणि बाक सोनची राष्ट्ररक्षक सेना एकत्र येऊन ‘व्हिएतनाम मुक्तिसेना’ झाली. जपानच्या शरणागतीनंतर १९ ऑगस्टला हनोईत सत्तांतर झाले आणि २ सप्टेंबरला बा दिन्ह मैदानावर स्वातंत्र्याची घोषणा झाली.